घोटाळ्यावरची डॉक्युमेंटरी बघून डोकं फिरलं तर पुढे काय करायचं

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने २००८ च्या अमेरिकन मंदीवरची ‘इनसाइड जॉब’ सुचवली, चार-पाच जणांनी रात्री बघितली पण, आणि सकाळी ग्रुपवर नुसता धुरळा. एक म्हणतो सगळे चोर आहेत, दुसरा म्हणतो आपल्याकडे तर याच्यापेक्षा भयंकर, तिसऱ्याने लिहिलं की मग मत द्यायला तरी कशाला जायचं, आणि दुपारपर्यंत विषय क्रिकेटवर गेला. मला खरंच वाईट वाटलं. कारण तो राग खरा होता, त्यातून काहीतरी होऊ शकलं असतं, आणि तो तसाच वाया गेला. मी ही फिल्म आतापर्यंत तीनदा बघितलीये, आणि आमच्या घरात पैसे बुडालेले पण बघितलेत, त्यामुळे अशी डॉक्युमेंटरी कशी बघायची आणि बघून झाल्यावर काय करायचं हे मला जेवढं समजलंय तेवढं लिहितो. उदाहरण म्हणून हीच फिल्म घेतो, पण कुठल्याही घोटाळ्यावरची डॉक्युमेंटरी असली तरी हेच चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे वही घेऊन बसा. फोनवर नोट्स नको, फोन हातात आला की आपण दुसरीकडेच जातो. पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा, डावीकडे लिहा ‘आधी कुणाला मिळाले’ आणि उजवीकडे ‘नंतर कुणाचे बुडाले’. बस एवढंच. फिल्ममध्ये कोणीही माणूस किंवा कंपनी आली की तिला या दोनपैकी कुठल्या बाजूला टाकायचं ते ठरवा, नाही ठरलं तर पॉज करा आणि विचार करा. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा नुसता चिडत होतो आणि संपल्यावर मला कोणी विचारलं असतं की नक्की झालं काय, तर मला चार वाक्यं पण सांगता आली नसती. दुसऱ्यांदा वही घेऊन बघितली तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच चित्र स्पष्ट झालं.

सुरुवात आइसलँडपासून होते. जेमतेम ३ लाखांच्या वर लोकसंख्या, आपल्या कोल्हापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. तिथल्या तीन बँका, कौपथिंग, लँड्सबँकी आणि ग्लिटनिर, त्यांनी बाहेरून एवढी कर्जं उचलली की त्यांचा पसारा देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाला, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिन्ही काही दिवसांच्या अंतराने बसल्या. आता वहीत लिहा बघू. डावीकडे बँकवाले, त्यांचे मोठे कर्जदार. उजवीकडे अख्खा देश.

मग अमेरिका. इथे बऱ्याच जणांचा धागा सुटतो कारण नावं अवघड आहेत, सीडीओ काय आणि सीडीएस काय, पण गोष्ट साधी आहे, आपल्या भाषेत सांगायची तर अशी. पूर्वी घराचं लोन जो द्यायचा तोच पंधरा-वीस वर्षं हप्ते घ्यायचा, त्यामुळे देताना माणूस बघून, पगार बघून द्यायचा. नंतर पद्धत बदलली, लोन द्यायचं आणि लगेच विकून टाकायचं. दलालाने गिऱ्हाईक आणलं, त्याला कमिशन. लोन देणाऱ्याने ते मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेला विकलं, त्याला फी. त्या बँकेने अशी हजारो लोनं एकत्र बांधून त्याचे कागद बनवले, हेच ते सीडीओ, तिला फी. मूडीज, एस अँड पी, फिच या रेटिंग कंपन्यांनी त्यातल्या बऱ्याच कागदांवर ट्रिपल ए म्हणजे सगळ्यात सुरक्षित असा शिक्का मारला, त्यांनाही फी, आणि ती फी कोण देत होतं, तर ज्यांचे कागद आहेत तेच. परीक्षा देणाराच परीक्षकाला पैसे देतोय असा प्रकार. शेवटी ते कागद गेले पेन्शन फंडांकडे, परदेशातल्या बँकांकडे, लांबच्या कुठल्यातरी गावांच्या नगरपालिकांकडे. साखळीतल्या प्रत्येकाला आपला वाटा आधीच मिळालेला होता, त्यामुळे घर घेणारा माणूस हप्ते भरू शकेल का याची काळजी करायला कोणी उरलंच नाही.

एआयजी या अमेरिकन विमा कंपनीचा भाग आला की परत थांबा, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. हे कागद बुडाले तर भरपाई देऊ असा करार, म्हणजेच सीडीएस, एआयजीची लंडनमधली शाखा विकत होती, आणि ज्यांच्याकडे ते कागद नाहीत तेही असा करार विकत घेऊ शकत होते. समजा ऊस एका शेतकऱ्याचा, आणि त्या उसाचा विमा त्याने तर काढलाच, शिवाय गावातल्या अजून वीस जणांनी काढलेला. ऊस जळला तर विमा कंपनीला एकवीस जणांना पैसे द्यायचे आणि वीस जण तर तो कधी जळतो याचीच वाट बघत बसणार. १६ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला एआयजीला वाचवायला ८५ अब्ज डॉलर द्यावे लागले, आणि तो आकडा पुढे वाढतच गेला. त्याच्या आदल्याच दिवशी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली होती, १५८ वर्षं जुनी बँक. ३ ऑक्टोबरला तिथल्या संसदेने ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. हे सगळं उजवीकडे लिहा, करदाते.

एक आकडेमोड स्वतः करून बघा, कारण केल्याशिवाय पटत नाही. तुमच्याकडे १०० रुपयांची मालमत्ता आहे, त्यात तुमचे स्वतःचे फक्त ३ आणि बाकीचे ९७ उधार. मालमत्तेची किंमत १०० वरून ९७ झाली की तुमचं सगळं संपलं. त्या वेळच्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका साधारण अशाच तीसपट उधारीवर चालल्या होत्या. वर जाताना ३ रुपयांवर भरमसाठ नफा, आणि त्या नफ्यावर बोनस.

रघुराम राजन यांचा भाग मात्र रिवाइंड करून बघा. ते आपले पुढे २०१३ ते २०१६ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तेच. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होल इथे मध्यवर्ती बँकवाल्यांची परिषद होती, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ग्रीनस्पॅन यांच्या निरोपाचं वातावरण, सगळे कौतुक करायला जमलेले, आणि तिथे राजन यांनी पेपर वाचला की बाजाराच्या या नव्या पद्धतींमुळे जग उलट जास्त धोक्यात आलंय. त्यांचा मुद्दा काय होता, तर फायदा झाला की मॅनेजरला या वर्षीच बोनस, पण तोटा चार वर्षांनी झाला तर दिलेला बोनस कोणी परत मागत नाही, मग माणूस धोका घेणारच. म्हणजे आपल्या वहीतली मधली रेघच. त्यांच्यावर तिथे जोरदार टीका झाली, अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी तर त्यांचं म्हणणं जुनाट विचारांचं ठरवलं. तीन वर्षांत काय झालं ते पुढे आहेच. मला त्यातून एक धडा मिळाला. भर सभेत एकटा माणूस वेगळं बोलत असेल तर त्याला हसण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं.

आता फिल्म संपली, डोकं तापलंय. त्या रात्री काहीही पोस्ट करू नका, फॉरवर्ड पण नको. एक रात्र जाऊ द्या. हे मी राग दाबा म्हणून सांगत नाहीये, राग ठेवा, पण त्या तापलेल्या डोक्यातच ‘सगळं जग दोन-तीन घराणी चालवतात’ छापाचे व्हिडिओ आपल्याला खरे वाटायला लागतात, आणि ते बघताबघता कुठल्यातरी एका धर्माच्या किंवा जातीच्या लोकांवर येऊन थांबतात. असा एक मित्र मी या रस्त्याने गेलेला बघितलाय. २००८ ला जे झालं ते लपून बसलेल्या घराण्यांनी केलेलं नव्हतं, त्यातलं बरंचसं उघड, नोंदी असलेलं, आणि कायद्यात बसवून घेतलेलं होतं. ते जास्त त्रासदायक आहे, पण निदान ते बदलता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि तीन गठ्ठे करा. एक, सरळ गुन्हा. दोन, कायद्यात बसत होतं पण चुकीचं होतं. तीन, चुकीचा अंदाज. न्यूयॉर्कचा गुंतवणूकवाला बर्नी मेडॉफ पहिल्या गठ्ठ्यात, नव्या लोकांचे पैसे जुन्यांना परतावा म्हणून देत राहिला, डिसेंबर २००८ मध्ये पकडला गेला, २००९ मध्ये १५० वर्षांची शिक्षा. उधारीचा तो तीसपट प्रकार बहुतेक दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने लोकांच्या ठेवी सांभाळणारी बँक आणि बाजारात खेळणारी बँक वेगळी ठेवली होती, १९९९ मध्ये ती भिंत काढून टाकली. १९९८ मध्ये ब्रुक्सली बॉर्न नावाच्या अधिकारी बाईंनी डेरिव्हेटिव्ह्जवर, म्हणजे एआयजीने विकले तसल्या करारांवर, नियम आणायचा प्रयत्न केला तर अर्थमंत्र्यांपासून ग्रीनस्पॅनपर्यंत सगळ्यांनी मिळून त्यांना थांबवलं, आणि २००० मध्ये तर या गोष्टींना नियमाबाहेर ठेवणारा कायदाच झाला. म्हणून जेव्हा आपण विचारतो की एवढं होऊन तिथल्या मोठ्या बँकांच्या वरच्या लोकांपैकी कोणी जेलमध्ये का गेलं नाही, तेव्हा त्याचं एक उत्तर हे की जे केलं त्याला गुन्हा म्हणणारा कायदा आधीच बाजूला केलेला होता. आणि काही ठिकाणी पुरावा असूनही खटला न चालवता दंडावर मिटवलं. गोल्डमन सॅक्स या इन्व्हेस्टमेंट बँकेने २०१० मध्ये एका प्रकरणात ५५० दशलक्ष डॉलर भरले आणि विषय संपला. आइसलँडने मात्र खास सरकारी वकील नेमून मोठ्या बँकांच्या वरच्या लोकांना खरोखर तुरुंगात पाठवलं. म्हणजे होऊ शकतं, करायचं ठरवलं तर.

मग दुसरी बाजू शोधा. डॉक्युमेंटरी म्हणजे एका माणसाने मांडलेली केस असते, कितीही चांगली असली तरी. या मंदीची चौकशी करायला अमेरिकन सरकारने आयोग नेमला होता, त्याचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला, नेटवर फुकट आहे. दहा सदस्यांपैकी सहा जणांनी म्हटलं की हे संकट टाळता आलं असतं. चार जणांनी वेगळं मत लिहिलं, त्यातल्या एकाने तर सगळा दोष सरकारच्या घरबांधणी धोरणावर टाकला. मला ते शेवटचं पटत नाही, पण वाचल्यावर माझं स्वतःचं म्हणणं जास्त पक्कं झालं, कारण समोरचा काय बोलणार ते आधीच माहिती झालं. सगळा अहवाल कोण वाचणार, निष्कर्षाची थोडी पानं वाचली तरी खूप.

फिल्ममधला अजून एक प्रसंग, प्राध्यापकांचा. कोलंबिया विद्यापीठातले फ्रेडरिक मिशकिन यांनी २००६ मध्ये आइसलँडच्या बँकव्यवस्थेची भलावण करणारा रिपोर्ट लिहायला सहभाग घेतला, आणि त्यासाठी तिथल्या व्यापारी संघटनेने त्यांना १ लाख २४ हजार डॉलर दिले होते. लोक हे बघून फार भडकले, आणि इथे त्या भडकण्याचा उपयोग झाला. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की तुमच्या संशोधनाच्या विषयात तुम्हाला कोणाकडून मोठे पैसे मिळत असतील तर ते जाहीर करायचे. नुसतं ‘सगळे विकले गेलेत’ म्हणून सोडून दिलं असतं तर हा नियम पण आला नसता. हीच सवय तुम्ही लावून घ्या, यूट्यूबवर कोणी शेअर घ्या म्हणून सांगत असेल तर आधी तो सेबीकडे नोंदलेला आहे का ते सेबीच्या साइटवर बघा आणि त्याला पैसे नक्की कोण देतं हे विचारा.

आणि आता तीच वही घेऊन आपल्या घरी या. २००८ ची झळ आपल्याला लागलीच होती, जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली जाऊन आला, आणि लेहमनचं मोठं बॅक ऑफिस आपल्या पवईत होतं, तिथल्या पोरांनी ते आठवडे कसे काढले असतील. नंतर ते जपानच्या नोमुराने घेतलं. आपल्या बँका तेव्हा तरल्या, त्याचं एक कारण म्हणजे वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने घर आणि जमिनीवरच्या कर्जांसाठी बँकांना आधीच जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं होतं. पण ट्रिपल एचा शिक्का आपल्यालाही फसवून गेला, फक्त दहा वर्षांनी. आयएल अँड एफएस, मुंबईतली कंपनी, ९० हजार कोटींच्या वर कर्ज, २०१८ मध्ये हप्ते थकले आणि त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिला सगळ्यात वरचं रेटिंग होतं. आणि २०१९ मधली पीएमसी बँक तर मुंबईकर विसरणार नाहीत. सप्टेंबरमध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते, दवाखान्याला पैसे नाहीत म्हणून लोक रस्त्यावर रडत होते. सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर ग्रुपला दिलेलं, आणि ते लपवायला २१ हजारांवर बनावट खाती. तिथे पण रेघ मारा, कुणाला आधी मिळाले ते दिसेल.

आमच्या मावशीची गोष्ट याहून लहान आहे. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, चेअरमन ओळखीचे, गणपतीला घरी यायचे. काकांच्या रिटायरमेंटचे ४ लाख तिथे. एक दिवस शटर खाली. ती बरीच वर्षं हप्त्याहप्त्याने थोडेथोडे मिळवत राहिली, सगळे मिळालेच नाहीत. तिला तेव्हा जे माहिती नव्हतं आणि आजही कितीतरी लोकांना माहिती नाही ते हे की बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचा विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था, बोर्ड सारखे दिसतात, काउंटर सारखे दिसतात, पण एक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आणि दुसरी बहुतेकदा राज्याच्या सहकार खात्याखाली.

म्हणून रविवारी सकाळी घरातली सगळी पासबुकं आणि ठेव पावत्या टेबलावर काढा. प्रत्येक पावतीवर लिहा, बँक की पतसंस्था. बँक असेल तर विमा ५ लाखांपर्यंत, एका माणसाचा एका बँकेतला सगळ्या शाखांमधला पैसा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. पूर्वी ही मर्यादा १ लाख होती, पीएमसीच्या प्रकारानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ही रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. एकाच बँकेत याहून जास्त असेल तर दोन बँकांत विभागा. पतसंस्थेत असेल तर तिचा वार्षिक अहवाल मागा, ऑडिट वर्ग अ आहे की खाली घसरलाय, थकबाकी किती टक्के, आणि संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय. सभासद असाल तर अहवाल मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही. नाही दिला तर ते पण एक उत्तरच आहे.

पॉलिसी किंवा फंड विकायला कोणी आलं तर एकच प्रश्न, तुम्हाला यात कमिशन किती मिळतं. चिडून नाही, चहा देऊन विचारा. प्रामाणिक माणूस आकडा सांगतो, आमचा एजंट सांगतो, म्हणूनच मी त्याच्याकडे टिकलो. बेकायदा ठेवी गोळा करणारं कोणी आढळलं तर रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल आहे, तिथे तक्रार करा, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाता येतं, मालमत्ता जप्त होऊ शकते. उशीर करू नका, चार ठेवीदार मिळून जा.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना एक सांभाळा. ज्यांचे बुडालेत त्यांना ‘तुम्हाला तेव्हाच कळायला नको होतं का’ असं चुकूनही म्हणू नका. मावशीला हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलंय की ती त्या पैशाचा विषयच काढायची नाही. मी तिला ही फिल्म बसून दाखवली, इंग्रजी आहे म्हणून दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत गेलो, तीन संध्याकाळी लागल्या. रेटिंग कंपन्यांपाशी ती म्हणाली, अरे म्हणजे एवढे शिकलेले लोक पण शिक्का बघूनच फसले. आणि मग पहिल्यांदा तिने त्या पतसंस्थेचं सगळं सविस्तर सांगितलं, कोण आलं होतं, काय बोललं होतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागतात. सभेच्या नोटिशीतच लेखी प्रश्न किती दिवस आधी द्यायचे ते छापलेलं असतं, ते चुकवू नका, आणि दिलेल्या प्रश्नाच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का घ्या. मावशी आता ज्या सहकारी बँकेची सभासद आहे तिथे या वर्षी आम्ही दोघं जाणार आहोत. तीन प्रश्न काढलेत, दोन मी लिहिले, संचालकांच्या नातेवाइकांच्या कर्जाचा तिसरा तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.